चॅड जॉन्सनची हमी: सिनसिनाटी, नोव्हेंबर २००३

नोव्हेंबर २००३. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये सिनसिनाटी बेंगल्सच्या नावावर चार विजय आणि पाच पराभव. १६ तारखेच्या रविवारी त्यांच्या घरच्या मैदानावर कॅन्सस सिटी चीफ्सचा संघ यायचा होता, आणि त्या संघाने हंगामातले नऊच्या नऊ सामने जिंकले होते. त्या आठवड्यात बेंगल्सचा पंचवीस वर्षांचा रिसीव्हर, म्हणजे पुढे धावत जाऊन पास झेलणारा खेळाडू, चॅड जॉन्सन याने पत्रकारांना छातीठोकपणे सांगून टाकले की रविवारी आम्हीच जिंकणार, हमी माझी.

बेंगल्स २४–१९ असे जिंकले.

तेव्हापासून हा किस्सा ‘बोलला ते करून दाखवले’ एवढ्यावरच सांगितला जातो. ते अपुरे आहे. त्या दिवशीचे दोन सर्वांत मोठे टचडाऊन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेऊन मिळवलेले गुण) जॉन्सनचे नव्हतेच, पीटर वॉरिकचे होते. चेंडू घेऊन धावून सर्वाधिक यार्ड मिळवले ते रुडी जॉन्सनने, आणि तो नावापुरताच सारखा, नात्याने कोणी नाही. मराठीत अशा बोलण्याला ‘विडा उचलणे’ म्हणतात. दरबारात विडा उचलणारा एकटा असतो, मोहिमेवर मात्र फौज जाते. रिसीव्हरच्या तोंडची हमी नेमकी अशीच असते, आणि म्हणून ती तपासताना तो किती मोठ्याने बोलला यापेक्षा त्याने कशाचा विडा उचलला हे आधी पाहावे लागते.

तेव्हाची परिस्थिती

१९९०नंतर बेंगल्सचा एकही हंगाम पराभवांपेक्षा जास्त विजयांनी संपला नव्हता. २००२ साली तर १६ सामन्यांत दोनच विजय. त्या पडझडीनंतर मार्विन लुईस मुख्य प्रशिक्षक म्हणून आले. ज्या बाल्टिमोर रेव्हन्सने २००० साली १६ सामन्यांत मिळून फक्त १६५ गुण दिले, त्यांच्या बचावाची सूत्रे लुईस यांच्याच हाती होती. नव्या खेळाडूंच्या २००३च्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) पहिल्या क्रमांकावर घेतलेला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू, कार्सन पामर वर्षभर बाकावर बसून शिकत होता, खेळत होता अनुभवी जॉन किटना.

सुरुवात वाईट झाली. पाच सामन्यांत एक विजय. मग पुढच्या चारांत तीन जिंकून संघ ४–५वर आला. हा तपशील महत्त्वाचा आहे. हमी दिली तेव्हा बेंगल्स तळाला पडलेला संघ नव्हता, वर चढू लागलेला होता; फक्त तोवर शहराचा त्यावर विश्वास बसला नव्हता, आणि बारा वर्षांची हरण्याची सवय लॉकर रूममधूनही गेली नव्हती. आठवड्याभरापूर्वी ह्यूस्टनविरुद्ध रुडी जॉन्सनने तब्बल ४३ वेळा चेंडू घेऊन १८२ यार्ड मिळवले होते. मुख्य धावपटू कोरी डिलन दुखापतींनी बेजार असताना बदली खेळाडूने हे केले होते.

समोरचे चीफ्स आक्रमणात जबरदस्त होते. प्रीस्ट होम्सने त्या हंगामात धावून २७ टचडाऊन केले. डांटे हॉलने प्रतिस्पर्ध्याने मारलेली किक परत आणत सलग चार सामन्यांत टचडाऊन केले होते. पण धाव अडवण्यात हा संघ कच्चा होता. सलग विजयांच्या झगमगाटात ते झाकले गेले, तरी सामन्यांच्या चित्रफिती पाहणाऱ्या कोणालाही दिसण्यासारखे होते. पुढे जानेवारी २००४मध्ये हाच बचाव इंडियानापोलिस कोल्ट्सला एकदाही पंट करायला (हवे तेवढे यार्ड न मिळाल्याने चेंडू लाथेने दूर मारून सोडून द्यायला) लावू शकला नाही, आणि चीफ्स ३८–३१ हरून बाद झाले.

म्हणजे हमी धाडसी होती, पण वेड्याची नव्हती. चांगला अंदाज आणि मोठा आवाज यांचे ते मिश्रण होते. लोकांना आवाज तेवढा ऐकू आला.

बोलणारा बहुधा रिसीव्हरच का?

अमेरिकन फुटबॉलमध्ये तोंडाने खेळणाऱ्यांची यादी काढली तर तीत रिसीव्हर आणि त्यांना अडवणारे कॉर्नरबॅक यांचाच भरणा दिसतो. याचे मूळ स्वभावापेक्षा कामात आहे.

एका सामन्यात संघाचे आक्रमण साधारण ६० ते ६५ चाली खेळते. त्यांतल्या निम्म्या, फार तर थोड्या जास्त, पासच्या. त्यांतला चेंडू पहिल्या पसंतीच्या रिसीव्हरकडे आठ-दहा वेळा येतो. उरलेल्या पन्नासेक चालींत तो पूर्ण वेगाने धावतो, वळतो, कॉर्नरबॅकशी झटापट करतो आणि रिकाम्या हाताने परततो. जॉन्सनचा २००३चा हंगाम बघा: ९० झेल, १,३५५ यार्ड, १० टचडाऊन. बेंगल्सच्या इतिहासात एका हंगामात तोवर कोणी इतके यार्ड मिळवले नव्हते. तरी सरासरी काढली तर सामन्याला साडेपाच झेल आणि ८५ यार्डच होतात. तीन तासांत सहा वेळाही चेंडू हातात नाही, आणि तो येण्यासाठी पाच जणांनी आपल्या क्वार्टरबॅकला अडीच-तीन सेकंद वाचवायचे, क्वार्टरबॅकने त्याच्याकडे बघायचे आणि अचूक फेकायचे.

इतके परावलंबी काम मैदानावर फार थोड्यांचे असते. बोलणे हा त्यावरचा रिसीव्हरचा स्वतःच्या हातातला एकमेव उपाय. ‘मला कोणी अडवू शकत नाही’ हे वाक्य वरवर कॉर्नरबॅकला उद्देशून असले, तरी त्याचा पहिला श्रोता आपलाच क्वार्टरबॅक असतो: मी मोकळा आहे, माझ्याकडे बघ.

जॉन्सनच्या बाबतीत या बोलण्याला पायांचा आधार होता. तो मायामीचा, लहानपणापासून सॉकर खेळलेला. २००१च्या निवडीत ऑरेगन स्टेट विद्यापीठातून दुसऱ्या फेरीत, ३६व्या क्रमांकावर बेंगल्सने त्याला घेतला. त्याची खासियत सुरुवातीच्या दोन-तीन पावलांत होती. समोर छातीला छाती लावून उभा असलेला कॉर्नरबॅक हाताने ढकलायला येतो, त्या क्षणी पाय इतक्या झपाट्याने बदलायचे की हात हवेत जातो. तिथून पुढची दहा-बारा यार्डांची सरळ धाव प्रत्येक वेळी सारखीच दिसली पाहिजे, म्हणजे वळण कुठे येणार हे कॉर्नरबॅकला कळत नाही. हे कौशल्य असल्याशिवाय बोलणे म्हणजे नुसती वल्गना.

हमी दिल्यावर काय बिघडू शकते

समोरचा संघ चिडतो, वर्तमानपत्राचे कात्रण भिंतीवर लावतो, हा धोका सगळे सांगतात. तो खरा आहे, पण छोटा आहे. चिडलेला बचावपटू पहिल्या काही चाली जास्त जोरात आदळतो. नंतर पुन्हा पाय, हात आणि जागा यांचाच खेळ उरतो. खरे बिघाड आपल्या घरात होतात.

पहिला बिघाड क्वार्टरबॅकचा. प्रत्येक पासच्या चालीत त्याला ठरलेल्या क्रमाने बघायचे असते: पहिला रिसीव्हर, तो झाकलेला असेल तर दुसरा, मग तिसरा. आठवडाभर एकाच माणसाचे नाव गाजत असेल, तर नजर पहिल्यावरच अडकते. सर्वांत मागे उभा असलेला बचावपटू, म्हणजे सेफ्टी, चेंडूपेक्षा क्वार्टरबॅकचे डोळे वाचतो, आणि तो अर्धा सेकंद आधी निघाला की पास प्रतिस्पर्ध्याच्या हातात.

दुसरा बिघाड स्वतः रिसीव्हरचा. चेंडू येत नाही म्हणून तो उतावीळ होतो आणि वळण लवकर घेतो. आखणी असते १२ यार्ड पुढे जाऊन मागे फिरण्याची, तो १०वरच फिरतो. झेल मिळतो, टाळ्या मिळतात, पण तिसऱ्या प्रयत्नात ११ यार्ड हवे असतील तर चेंडू गेलाच, कारण चौथ्यात बहुधा पंटच करावा लागतो. पडद्यावर हा झेल दिसतो. चूक फक्त प्रशिक्षकाच्या वहीत दिसते.

तिसरा बिघाड शिक्षेचा. चाल संपल्यावर प्रतिस्पर्ध्याला डिवचले तर १५ यार्ड जातात. दहा यार्ड मिळवायला चार प्रयत्न असलेल्या खेळात १५ यार्ड म्हणजे हाती आलेली संधी स्वतःच्या हाताने फेकणे.

त्यामुळे आपल्या खेळाडूने अशी हमी दिली की प्रशिक्षकाने करायची सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे आठवड्याचा क्रम अजिबात न हलवणे. या लीगमध्ये बुधवारी पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नाच्या चाली, गुरुवारी तिसऱ्या प्रयत्नाच्या, शुक्रवारी गोलरेषेजवळच्या, शनिवारी हलका सराव असा सर्वसाधारण क्रम असतो. हमी देणाऱ्यासाठी दोन चाली वाढवल्या तर त्या दुसऱ्या कोणाच्या दोन चाली कापूनच येतात. आणि सामना बहुधा त्या दुसऱ्याच्याच हातून सुटतो किंवा जिंकला जातो.

रविवार, १६ नोव्हेंबर

नेमके तेच झाले, आणि बेंगल्सच्या बाजूने झाले. रुडी जॉन्सन १६५ यार्ड धावला. पीटर वॉरिकने चीफ्सचा पंट पकडून ६८ यार्ड धाव घेत टचडाऊन केला. ज्या संघाकडे डांटे हॉलसारखा माणूस होता, त्याच संघावर पंट परत आणण्याच्या खेळात गुण चढले. त्याच वॉरिकने किटनाचा पास घेऊन ७७ यार्डांचा आणखी एक टचडाऊन केला. शेवटी फरक पाच गुणांचा.

इथे बचावाचे साधे गणित मांडून पाहण्यासारखे आहे. बचावाचे ११ खेळाडू. चार जण क्वार्टरबॅकवर धावून जातात, उरले सात. पास घेऊ शकणारे पाच. म्हणजे बचावाकडे दोन जादा माणसे. एक जादा माणूस जॉन्सनसारख्यावर लावला, कॉर्नरबॅक पुढून आणि सेफ्टी वरून, तर उरतो एक. तो एक धाव अडवायला पुढे आणला, तर मागे कोणीच जादा उरत नाही, आणि दुसऱ्या बाजूचा रिसीव्हर एकाच माणसासमोर मोकळा होतो. तो पुढे आणला नाही, तर धावणाऱ्याला वाट मिळते. ज्याची भीती वाटते असा एक रिसीव्हर आणि त्याच दिवशी १६५ यार्ड धावणारा एक माणूस हे दोन्ही एका संघात असले, की बचावाला कुठले तरी एक दार उघडे ठेवावेच लागते. जॉन्सनची भीती त्याच्या पायांमुळे आधीपासून होती, बोलण्याने ती निर्माण झाली नाही. पण चीफ्ससमोर ठेवलेला पेच संघाचा होता, एका माणसाचा नव्हता, आणि हमीही संघाच्या विजयाची होती. शब्द आणि साधन एकाच मापाचे निघाले.

पुढचे दोन सामनेही बेंगल्सने जिंकले, ७–५ झाले. ज्या शहराने हंगाम सप्टेंबरमध्येच सोडून दिला होता, तिथे डिसेंबरमध्ये बाद फेरीच्या चर्चा सुरू झाल्या. या हमीचे खरे मोल मला तिथे दिसते. हरायला सरावलेल्या संघात ‘आपण यांना हरवणार’ असे कोणीतरी मोठ्याने म्हणावे लागते, आणि म्हणणाऱ्याने स्वतःची अब्रू त्यावर लावावी लागते. मोठा उपकार होता तो.

याच डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध टचडाऊन केल्यावर जॉन्सनने लीगला उद्देशून आधीच लिहून ठेवलेला फलक उंचावला: कृपा करून मला पुन्हा दंड करू नका. लीगने १०,००० डॉलर दंड केला. विजयाची हमी देण्याला दंड नाही, आनंद साजरा करण्याला आहे, हा फरक त्यातून शिकण्यासारखा. जल्लोषाचे नियम २००६ साली आणखी कडक झाले आणि २०१७ साली पुष्कळ सैल.

हंगाम मात्र निसटला. शेवटच्या सामन्यात क्लीव्हलँड ब्राऊन्सने बेंगल्सना २२–१४ हरवले आणि संघ ८–८वर थांबला, बाद फेरीबाहेर.

अकरा महिन्यांनी: औषधाच्या बाटल्या

ऑक्टोबर २००४मध्ये त्याच ब्राऊन्सशी सामना होता. जॉन्सनने त्यांच्या बचावातल्या मागच्या फळीतील खेळाडूंना पोटदुखीच्या औषधाच्या, पेप्टो-बिस्मॉलच्या, बाटल्या पाठवल्या. मला अडवायचे म्हणून तुमच्या पोटात गोळा येईल, असा त्याचा अर्थ.

ब्राऊन्स ३४–१७ जिंकले. जॉन्सनच्या नावावर तीन झेल, ३७ यार्ड. त्या हंगामात त्याने ९५ झेलांत १,२७४ यार्ड मिळवले, म्हणजे सामन्याला जवळपास सहा झेल आणि ८० यार्ड. त्या दिवशी झेल जेमतेम निम्मे, यार्ड निम्म्याहूनही कमी.

माणूस तोच, आत्मविश्वास तेवढाच, पाय तेच. मग बदलले काय? विड्याचा विषय बदलला. पहिल्या वेळी पैजेवर होता संघाचा विजय, जो धावपटू, वॉरिक, बचाव, कोणीही आणून देऊ शकत होता. दुसऱ्या वेळी पैजेवर होती ठरावीक चार-पाच जणांची आणि त्याची स्वतःची लढत. ही लढत अडवायला बचावाकडे सोपा मार्ग कायमच असतो: दोन माणसे लावा आणि इतरांना काय हवे ते करू द्या. जिंकायचा नसून एका माणसाला गप्प करायचा बेत असेल, तर तो जवळजवळ नेहमी साधतो. आणि बाटली हातात घेतलेल्या बचावपटूसाठी ती वैयक्तिक गोष्ट होते. संघाच्या हमीने तसे होत नाही. शिवाय तेव्हा पामर नुकताच खेळू लागला होता, पहिल्याच वर्षाची घडी बसायची होती.

बाटल्यांमुळे सामना हरला असे म्हणणे अन्यायाचे होईल. १७ गुणांचा फरक एका रिसीव्हरच्या बोलण्याने पडत नाही. पण बाटल्यांनी जिंकायला कसलीही मदत केली नाही, आणि हरल्यावर प्रश्न फक्त त्यालाच विचारले गेले.

लॉकरवरचा कागद

२००५ साली जॉन्सनने आपल्या लॉकरवर एक यादी लावली. मथळ्याचा अर्थ असा की ८५ क्रमांकाला (हा त्याच्या जर्सीचा क्रमांक) २००५ साली कोणी अडवले? खाली प्रत्येक सामन्यातल्या प्रतिस्पर्धी कॉर्नरबॅकचे नाव आणि पुढे हो किंवा नाही.

वरवर हीसुद्धा बाटल्यांसारखीच फुशारकी वाटते. पण फरक मोठा आहे. बाटली सामन्याआधी जाते, कागद सामन्यानंतर भरला जातो. बाटलीत फक्त दावा आहे. कागदात ‘हो’ लिहायची जागा आहे, आणि ती रोज सहकाऱ्यांच्या नजरेसमोर. लॉकर रूम ठरावीक वेळी पत्रकारांना खुली असते, म्हणजे हिशेब लपवायची सोयच नाही. बढाईला इतकी काटेकोर हिशेबवही जोडणारा दुसरा रिसीव्हर सापडणे कठीण.

त्या हंगामात ९७ झेल, १,४३२ यार्ड. बेंगल्स ११–५, गटात पहिले, १९९०नंतरचा पहिला विजयी हंगाम. जानेवारी २००६मध्ये बाद फेरीत पिट्सबर्गविरुद्ध पहिल्याच पासवर पामरचा गुडघा गेला आणि सामना ३१–१७ हातचा गेला. त्या रात्री जॉन्सनला अडवले कोणी, या रकान्यात कॉर्नरबॅकचे नाव लिहून भागण्यासारखे नव्हते. चेंडू फेकणाराच मैदानाबाहेर गेला होता.

क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर ही जोडी किती महत्त्वाची, ते उलट बाजूनेही दिसले. मार्च २०११मध्ये टाळेबंदीमुळे फुटबॉल बंद असताना जॉन्सनने सॉकरच्या एका संघाकडे चाचणी दिली, आणि तो संघ निघाला स्पोर्टिंग कॅन्सस सिटी. जुलैत बेंगल्सने त्याला न्यू इंग्लंड पेट्रिऑट्सकडे सोपवले. तिथल्या पद्धतीत रिसीव्हर धावता धावता बचाव वाचतो आणि त्यानुसार वळण बदलतो; क्वार्टरबॅकही तेच वाचून तो वळायच्या आत चेंडू सोडतो. दोघांचे वाचन एक निघाले नाही तर चेंडू रिकाम्या गवतावर पडतो. पामरबरोबर जे वर्षांच्या सरावाने जमले होते, ते तेहतिसाव्या वर्षी नव्या माणसाबरोबर नव्याने जुळवायचे होते. त्या वर्षी ना हमी, ना बाटल्या, ना यादी. हंगामभरात १५ झेल, २७६ यार्ड, एक टचडाऊन. फेब्रुवारी २०१२च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, एक झेल, २१ यार्ड.